ऑटोक्लेव्हमधून वाकडा निघालेला रिट्रॅक्टर

मेकॅनिकलची डिग्री घेऊन सर्जरीची हत्यारं डिझाइन करायच्या कामात आलो तेव्हा वाटायचं, कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं, येतं म्हणजे झालं. नागपूरच्या धंतोलीतल्या एका सर्जननी जखमेच्या कडा धरून ठेवायचा रिट्रॅक्टर करून मागितला, आधी नुसता नमुना. दोन रात्री जागून डिझाइन केलं, थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापलं आणि ऐटीत नेऊन दिलं. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनी तो चाचणीसाठी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायच्या यंत्रात, टाकला. १२१ अंश, वीसेक मिनिटं. बाहेर आला तो मान टाकूनच. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, बरं का.

सिस्टर हसल्या नाहीत. वजन कमी करायला मी मुठीला जाळी केली होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे वितळलं नसतं तरी मी परतच पाठवलं असतं. इथं रक्त वाळलं तर ब्रश कुठून घालू, भाऊ?"

तेव्हापासून स्केचच्या आधी विचारतो: धुणार कसं, निर्जंतुक कशात करणार? ऑटोक्लेव्ह असेल तर एसएलएसवर (लेझरनं पावडर जोडत जाणारा प्रिंटर) छापलेलं पीए१२ नायलॉन किंवा खास त्यासाठीचं रेझिन, तेही कंपनीच्या कागदावर किती अंश, किती मिनिटं लिहिलंय ते बघून. निर्जंतुक करायचा ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅस कमी तापमानाला चालतो, पण नंतर तो वस्तूतून निघून जायला वेळ द्यावा लागतो. उद्या सकाळची केस असेल तर त्याचा उपयोग नाही.

खरं शिकवलं ते ड्रिल गाइडनी. सीटी स्कॅनवरून हाडाचा आकार काढायचा आणि त्यावर चपखल बसणारा, ड्रिल नेमकं कुठून जाईल ते भोकानं ठरवणारा साचा करायचा. स्कॅनवरून मॉडेल काढायचं थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायला पुरेसं आहे. स्कॅनचे काप जाड असले तर मॉडेलच्या हाडाला पायऱ्या पडतात, म्हणून एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक मागा. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला २.५ चं ड्रिल लागतं, म्हणून मी २.५ चंच भोक दिलं. छापून आलं ते त्याहून लहान. घासून मोठं केलं, खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या नळीच्या हाडावर चालवून पाहिलं, तर हाडाच्या भुशात नायलॉनचा पांढरा कीस! तो माणसाच्या हाडात गेला असता. आता भोकात स्टीलची नळी बसवतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत. आपली वस्तू कोणत्या वर्गात बसते ते सुरुवातीलाच बघा. कॉलेजच्या प्रिंटरवरून थेट रुग्णापर्यंत जायचं नसतं. परवानाधारक कारखान्यात वर्षभर काढलंत तर हे आपोआप कळतं.

आणि धागा वितळवून छापणारा प्रिंटर वापरत असाल तर जुलैत नायलॉनचं रीळ उघडं टाकू नका. ओल धरतं, मग नोझलमधून फुटाण्यासारखं फुटत राहतं.

मूठ ओल्या हातातून निसटते का ते बघायला माझा उपाय घरगुती आहे. सर्जिकल ग्लोव्हज घालायचे, हात साबणाच्या पाण्यात बुडवायचे आणि हत्यार धरून मनगट फिरवायचं. माझा तिसरा नमुना असाच निसटून आईच्या ओट्याखाली गेला. चौथ्याला अंगठ्यापाशी उथळ खळगा दिला, ब्रश सहज फिरेल इतका रुंद.