जुन्या मोटरसायकलचे सुटे भाग ओळखताना या चुका टाळा

जुनी गाडी उभी करताना सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो चुकीच्या सुट्या भागांवर. त्यामागे बहुतेक वेळा एकच समजूत असते: गाडीवर जो भाग बसलेला आहे, तोच तिचा मूळ भाग. पन्नास-साठ वर्षांची गाडी किती हातांतून गेली आणि कुणी काय बदललं, हे तुम्हाला ठाऊक नसतं. म्हणून काढलेला भाग नमुना म्हणून दाखवून तसाच दुसरा मागवू नका. आधी त्या वर्षाच्या पार्ट्स बुकमधलं (कंपनीच्या सुट्या भागांच्या सचित्र यादीतलं) चित्र, भागावरचा नंबर आणि व्हर्नियरचं (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरचं) माप ही तिन्ही जुळवा. एक जरी जुळत नसेल, तर खरेदी थांबवा.

पार्ट्स बुक निवडण्याआधी गाडीचं वर्ष पक्कं करा, आणि ते कागदपत्रांवरून ठरवू नका. नोंदणीचं वर्ष आणि मॉडेलचं वर्ष एकच असेल असं नाही. जुन्या इंग्लिश कारखान्यांत उन्हाळा संपता संपता पुढच्या वर्षाचं मॉडेल सुरू व्हायचं, त्यामुळे ऑक्टोबर 1969 मध्ये तयार झालेली ट्रायम्फ 1970 चं मॉडेल असते. 1969 च्या मॉडेलपासून ट्रायम्फ आणि बीएसए या इंग्लिश कंपन्यांच्या इंजिन-चासी नंबरआधी दोन अक्षरं येतात, पहिलं महिन्याचं आणि दुसरं मॉडेल वर्षाचं. इंजिन आणि चासी दोन्हींवरचे नंबर वाचा. ते जुळत नसतील, तर इंजिनचे भाग एका वर्षाच्या पुस्तकातून आणि चासीचे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातून शोधावे लागतील.

नंबरांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या कवचावर) किंवा चाकाच्या हबवर उठावदार आकडे दिसले की तोच पार्ट नंबर समजून लोक मागणी नोंदवतात. तो ओतकामाचा नंबर असतो. एकाच ओतीव तुकड्यावर वेगवेगळं मशीनिंग करून दोन वेगळे भाग बनवता येतात, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका. होंडाच्या पार्ट नंबरमधले मधले तीन आकडे मात्र खूप काही सांगतात: 300 म्हणजे 1969 ला आलेली सीबी 750. पण तो भाग पहिल्यांदा कोणत्या मॉडेलसाठी बनला, एवढंच त्यावरून कळतं. नंतरच्या मॉडेलवर 300 चा भाग दिसला म्हणून तो चुकीचा ठरवून काढून टाकू नका.

आता आटे. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटरचा असतो आणि एम8 हा मेट्रिक बोल्ट 8 मिलिमीटरचा. नजरेला दोन्ही सारखेच. पण आट्यांच्या पद्धती वेगळ्या: 5/16 बीएसएफला (ब्रिटिश बारीक आटे) इंचाला 22 आटे, व्हिटवर्थला (ब्रिटिश जाड आटे) 18, यूएनएफला (युनिफाइड बारीक आटे) 24 आणि सायकल थ्रेडला (जुन्या ब्रिटिश सायकली-मोटरसायकलींचे आटे) 26. एम8 चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.25 मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण 20. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे बोटांनी फिरतो आणि मग घट्ट होतो. गंज असेल असं समजून पाना लावला की ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे गेलेच. स्वच्छ भोकात बरोबर बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी जायला हवा. थ्रेड गेज (आटे ताडायच्या दातेरी पट्ट्यांचा संच) विकत घ्या, पण नुसते आटे मोजून थांबू नका. पाव इंची बीएसएफ आणि पाव इंची सायकल थ्रेड दोन्हींना इंचाला 26 आटे असतात; मात्र पहिल्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. गेजची पट्टी आट्यात ठेवून उजेडासमोर धरा. कडेला उजेडाची फट दिसली, तर कोन वेगळा आहे.

कार्ब्युरेटर बघताना नुसतं 'अमाल मोनोब्लॉक आहे' (अमाल या इंग्लिश कंपनीचा एक प्रकार) म्हणून समाधान मानू नका. बॉडीवर 376 आणि तिरप्या रेघेपुढे दुसरा आकडा असतो. 376 हा साइजचा गट. गाडी कोणती ते रेघेपुढचा आकडा सांगतो. गाडी थंड असताना नीट चालते, थ्रॉटल उघडला की गुदमरते, आणि ट्यूनिंगने काही फरक पडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी जेट (पेट्रोलचं बारीक भोक असलेला भाग), स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारा भाग) आणि निडल (स्लाइडमधली सुई) पुस्तकाशी ताडून बघा. अमालच्या मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल जातं ते सांगतो, केहिन या जपानी कंपनीचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो. एकाचा आकडा बघून दुसऱ्याचा जेट बसवला तर हिशोबच चुकतो.

चेनचंही तसंच. 520 आणि 530 या चेनच्या साइज; दोन्हींचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) एकच, 15.875 मिलिमीटर, फरक रुंदीत. 530 ची चेन 520 च्या स्प्रॉकेटवर बसते, पण दातावर बाजूला हलत राहते.

पिस्टन मागवण्याआधी त्याच्या माथ्यावरचा ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा त्याचा) आकडा वाचा. इंग्लिश गाड्यांत तो इंचाच्या हजाराव्या भागात असतो, जपानी गाड्यांत मिलिमीटरमध्ये. तरीही बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) स्वतः मोजाच, कारण घासलेल्या सिलिंडरमध्ये जुनाच पिस्टन परत घातलेला असू शकतो.

विजेचे भाग घेताना व्होल्टेज 6 की 12 हे तर बघाच, शिवाय अर्थ कोणत्या टोकाला आहे, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक चासीला जोडलंय, तेही बघा. जुन्या इंग्लिश गाड्यांत बहुतेक पॉझिटिव्ह अर्थ असतो. निगेटिव्ह अर्थचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तिथे जोडला तर लगेच जळू शकतो. ल्यूकास या इंग्लिश कंपनीच्या मॅग्नेटोवर (ठिणगी देणारं यंत्र) आणि डायनॅमोवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ती तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर तो भाग नक्की बदललेला आहे.

आणि नवा भाग आला म्हणून जुना भंगारात टाकू नका. त्याला चिठ्ठी बांधून ठेवा. गाडी रस्त्यावर नीट चालेपर्यंत माप ताडायला तो लागतो.