विमान उतरताना कान ठणकायचा, तो असा थांबला
आम्ही साताऱ्याचे, यवतेश्वर घाट चढताना कानाला दडे बसतात, ते सवयीचं. पण पुण्यात विमान उतरताना यायची ती कळ सहन होत नसे. उतरताना केबिनमधला हवेचा दाब वाढतो. घसा आणि मधला कान जोडणारी युस्टेशियन नलिका सर्दीने सुजली असेल तर उघडत नाही, आणि पडदा आत ओढला जातो.

आता विमान खाली येऊ लागलं की मी झोपत नाही. घोट घोट पाणी पिते, गोळी चघळते. तरी दडा सुटला नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हळू हवा ढकलते. जोर मुळीच लावू नका, पडद्याला इजा होते! तान्ह्या बाळाला तेव्हा पाजावं. सर्दी भरलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मला त्यांनी उतरण्याच्या अर्धा तास आधी मारायचा नाकाचा स्प्रे दिला, त्यानेच सर्वांत जास्त फरक पडला.