स्कायरिमचा गोल्डन क्लॉ घरी ओतायचा, खऱ्या पितळेच्या पावडरीत

ज्यांनी स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळलाय त्यांना ब्लीक फॉल्स बॅरोमधला तो दरवाजा वेगळा सांगायला नको. तीन फिरणारी कडी, मधोमध तीन भोकं, आणि ते उघडायला रिव्हरवुडच्या लुकान व्हॅलेरियसच्या दुकानातून चोरीला गेलेला सोनेरी पंजा. कडी कुठल्या चित्रांवर फिरवायची तो कोड कुठे असतो तर त्या पंजाच्याच तळव्यावर, अस्वल, पतंग आणि घुबड. इन्व्हेंटरीत, म्हणजे गेममधल्या आपल्या सामानाच्या यादीत, वस्तू उचलून झूम करून उलटी फिरवायची असते हे मला तिथे पहिल्यांदा कळलं आणि तेव्हापासून हा पंजा खरोखर हातात हवा असं डोक्यात बसलं होतं.

थ्रीडी प्रिंट करून सोनेरी स्प्रे मारला तर फोटोत छान दिसतो, पण हातात घेतला की हलका, कोमट, प्लास्टिक ते प्लास्टिकच. खरं पितळ ओतायचं तर भट्टी पाहिजे, साधारण 900 अंशांच्या पुढचं तापमान पाहिजे, ते फ्लॅटमध्ये होणार नाही. मधला रस्ता म्हणजे कोल्ड कास्ट, रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये, धातूची बारीक पावडर मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचं आणि सुकल्यावर वरचा रेझिनचा पापुद्रा घासून आतलं पितळ उघडं करायचं. हे घासणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण साच्यातून निघालेला पीस मळकट तपकिरी दिसतो आणि बरेच जण तिथेच निराश होऊन त्याला रंग मारून टाकतात. रंग मारू नका, धातू आतच आहे.

आधी पावडरीबद्दल, कारण माझा पहिला पीस पावडरीमुळेच वाया गेला. एका दुकानातून ‘ब्रास पावडर’ म्हणून आणलेली पिशवी निघाली मायकाची, म्हणजे चमकी. दिसायला झकास, पण कितीही घासलं तरी चमकत नाही, कारण घासायला धातूच नाही. आता मी पिशवी आधी हातात तोलून बघते. पितळ रेझिनपेक्षा सात-आठ पट जड असतं, त्यामुळे पाव किलो खरी पावडर म्हणजे मुठीत मावणारी छोटीशी पुडी, मायका पाव किलो म्हणजे भलीमोठी पिशवी. दुसरं म्हणजे पेंटवाल्यांकडची सोनेरी पावडर पण नको, ती चपट्या कपच्यांची असते आणि रंगात वर तरंगावी म्हणून बनवलेली असते. आपल्याला अ‍ॅटमाइज्ड (वितळलेला धातू फवारून केलेली), 325 मेशची पाहिजे, म्हणजे 44 मायक्रॉनच्या आतले कण, मैद्यासारखी लागते बोटाला. पण बोटाने बघायचं ते ग्लोव्ह घालूनच, आणि पुडी उघडायच्या आधी एन-95 मास्क, पंखा बंद. ही पावडर फुफ्फुसात जायला नको. अ‍ॅल्युमिनियमची पावडर कोणी सुचवली तर तिच्या बाबतीत आणखी जपा, हवेत उडालेली ती पावडर ठिणगीने पेट घेते.

मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना, कशाचाही चालतो, प्रिंट करा नाहीतर ऑइल क्लेमध्ये कोरा. मी प्रिंट केला, माझ्या तळहातावर नीट बसेल असा, मनगटापासून नखाच्या टोकापर्यंत साधारण 16 सेंटीमीटर. मग फिलर प्रायमर (बारीक खाचा भरणारा अस्तराचा रंग), 220 चा पॉलिश पेपर, परत प्रायमर, 400, परत प्रायमर, 800. दोन संध्याकाळ गेल्या यात आणि तेवढ्या घालवाच, कारण सिलिकॉन प्रत्येक ओरखडा उचलतो आणि धातू चमकायला लागला की प्रिंटच्या रेघा उलट जास्तच दिसतात. तळव्यावरची तीन चित्रं प्रायमरने भरली जातात, ती सुईने परत मोकळी करून घ्या, पुढे काळपट रंग तिथेच साठणार आहे.

साच्याला टिन क्युअर सिलिकॉन घ्या, आपल्याकडे आरटीव्ही म्हणून कॅटलिस्टच्या छोट्या बाटलीसोबत मिळतो तो. प्लॅटिनमवाला जास्त टिकतो पण गंधक असलेल्या क्लेवर किंवा रेझिन प्रिंटरच्या प्रिंटवर तो सुकतच नाही, चिकट राहतो आणि मास्टरपण जातो. पंजाची बोटं वळलेली आहेत म्हणून साचा दोन भागांत करावा लागतो. सनबोर्डचा डबा करायचा, त्यात पंजा अर्ध्यापर्यंत क्लेमध्ये बसवायचा, कडेने पेनाच्या मागच्या टोकाने खड्डे करायचे म्हणजे दोन्ही भाग नंतर एकमेकांत घट्ट बसतात, आणि सिलिकॉन एका कोपऱ्यातून उंचावरून बारीक धारेने सोडायचा, पंजावर थेट नाही, म्हणजे बुडबुडे धारेतच फुटतात. दुसऱ्या दिवशी उलटा करून क्ले काढा आणि पंजा तसाच ठेवून सिलिकॉनच्या उघड्या भागावर व्हॅसलिन लावा, मग दुसरा भाग ओता. व्हॅसलिन विसरलात तर सिलिकॉन सिलिकॉनला कायमचा चिकटतो. ओतायचं तोंड मनगटाच्या बाजूला ठेवा, म्हणजे ओतताना नखं खाली राहतील.

रेझिनमध्ये पहिल्यांदा करणाऱ्याने इपॉक्सीच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पॉलियुरेथेन दोन-चार मिनिटांत घट्ट होतं आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून फसफसतं, कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर तर नकोच. फायबरवाल्याकडचं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण वास जबरदस्त, आणि त्यातलं कोबाल्ट आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) हे दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नसतात, स्फोट होऊ शकतो. इपॉक्सीचं माप बाटलीवर लिहिलेलं वाचा, वजनाने सांगितलंय की आकारमानाने ते बघा, अंदाजाने ओतलं तर पीस महिनाभर चिकट राहतो.

आता मुख्य काम. साच्याचे दोन्ही भाग उघडे समोर ठेवा आणि मेकअपच्या मऊ ब्रशने कोरडी पावडर आतून लावा, अगदी चेहऱ्याला पावडर लावतो तशीच, घुबडाच्या डोळ्यात, नखांच्या टोकात, सगळीकडे. साचा उलटा करून टिचकी मारा, जास्तीची खाली कागदावर पडते ती परत वापरा. मग रेझिनमध्ये पावडर मिसळायची, हार्डनर घालायच्या आधी, म्हणजे मिसळताना घाई होत नाही. मी वजनाने जेवढं रेझिन त्याच्या दुप्पट पावडर घेते, पातळ श्रीखंडासारखं झालं पाहिजे, ब्रशवर घ्यावं तर हळूहळू ओघळलं पाहिजे. त्यात तपकिरी पिगमेंटचा एकच थेंब, त्याने पितळाला जुनेपणा येतो. आता हार्डनर घालून तीन मिनिटं सावकाश ढवळा, तळ आणि कडा खरवडत, आणि दोन्ही भागांना आतून दोनेक मिलीमीटरचा थर ब्रशने द्या. उभ्या भिंतीवरून तो खाली सरकतो, म्हणून दर थोड्या वेळाने साचा कलता करत राहा आणि परत वर ओढा. थर ग्लोव्हच्या बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेला आला की साचा बंद करायचा, रबरबँड लावायचे आणि मनगटाच्या तोंडातून साधं रेझिन भरायचं. सगळा पंजा पितळेच्या पावडरीचा करायची गरज नाही, खर्च उगाच वाढतो. वजन हवं असेल तर आत सायकलच्या बेअरिंगचे जुने स्टीलचे छर्रे टाका, शिशाचे मात्र नको. जाड भरणी एकदम ओतली तर इपॉक्सी तापतं, म्हणून मी दोन टप्प्यांत ओतते.

साचा दुसऱ्या दिवशी उघडला तरी घासायला लगेच बसू नका. तीन दिवस थांबा. कच्चं रेझिन घासताना चिखलासारखं ओढलं जातं आणि पितळाचे कण त्यातून निखळतात.

मग सांध्याची रेघ कानसीने काढा, 400 चा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, आणि त्यानंतर स्टील वूल, चार शून्यवालं, भांड्याची तारेची घासणी नाही. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग एका नखाच्या उंचवट्यावर पिवळा ठिपका दिसतो आणि तो ठिपका पसरत जातो, हा क्षण मला दर वेळी तितकाच आवडतो. यानंतर ब्रासो (पितळेचं पॉलिश) आणि जुना सुती कपडा. कपडा काळा पडायला लागला की समजायचं धातू खरंच वर आलाय, देवघरातली समई घासताना फडकं जसं काळं होतं तसंच. शेवटी साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ धुवा, कारण स्टील वूलचे बारीक तुकडे खोबणीत अडकले तर ते गंजतात आणि पितळावर तपकिरी डाग उमटतात.

गेममधला पंजा काही नवा कोरा नाही, थडग्यांमधला जुना आहे. म्हणून काळा आणि गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक पाण्यासारखा पातळ करून सगळीकडे लावा, अर्धा मिनिट थांबा, आणि ओलसर कापडाने उंचवट्यांवरून पुसून टाका. अस्वलाच्या केसांत, पतंगाच्या पंखांच्या रेषांत काळं राहतं, बाकी सोनं चमकतं. बोटांच्या सांध्यांमध्ये थोडी हिरवी झाक हवी असेल तर मीठ घातलेलं व्हिनेगर कापसाने लावून रात्रभर ठेवता येतं, ते खऱ्या पितळेवरच चढतं, पण घाईत जास्त लावू नका, हिरवा पसरला की गेममधला पंजा राहत नाही.

वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, मारू नका. लॅकरने तोच प्लास्टिकचा चकाकता थर परत येतो जो काढायला आपण एवढं घासलं. त्याऐवजी फर्निचरचं मेण बोटाने चोळा आणि मऊ कापडाने पुसा. दोन-तीन महिन्यांनी हाताळून हाताळून पंजा थोडा काळवंडतो. तेव्हा फक्त नखं आणि कडा चिंचेच्या कोळाने किंवा पितांबरीने हलक्या घासायच्या, लगेच धुवायच्या, कोरड्या करून परत मेण. तळव्यावरच्या तिन्ही चित्रांना मात्र हात लावायचा नाही, तिथलं काळं निघालं तर अस्वल, पतंग आणि घुबड लांबून वाचता येत नाहीत.