एकच नाकपुडी बंद? आधी कूस बदला

नागपूरच्या महाल भागात माझं मेडिकल आहे. एप्रिलात घरोघरी कूलर लागले की "भाऊ, एकच नाक बंद आहे, थेंब द्या" म्हणणारे येतातच. मी आधी विचारतो, बंद बाजू बदलते का? बदलत असेल तर बहुधा चिंता नको. काही तासांनी आलटून पालटून एक नाकपुडी आतून फुगते, दुसरी मोकळी होते. कुशीवर झोपलं की खालची चोंदते. कूस बदला, उशी उंच घ्या. आणि कूलरचं जुनं गवत फेका हो, त्यातली धूळ-बुरशी नाकाला सोसत नाही.

नाक धुवायला 250 मिली उकळून गार केलेलं पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ. थेट नळाचं पाणी नको. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब 5 दिवसांवर मी देत नाही, कितीही भांडा. जास्त वापरले की नाक उलट आणखी चोंदतं.

कायम तीच बाजू बंद असेल तर नाकाचा मधला पडदा वाकडा असेल किंवा आत मांस वाढलं असेल. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सोबत रक्त येत असेल, गाल बधिर वाटत असेल तर लगेच.

लहान पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो? आत मणी, शेंगदाणा अडकलेला असू शकतो. चिमटा घालू नका. घड्याळातला चपटा बटण सेल असेल तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या, तो आतून जाळतो.