मदरबोर्डचा नकाशा आधी कागदावर काढा

बोर्ड-दुरुस्ती शिकायला येणाऱ्या मुलांना मी सोल्डरिंग गनच्या आधी कागद-पेन्सिल देतो. कोणता भाग कोणाला थेट जोडलाय हे काढता आलं की दोष निम्मा सापडला.

दोन बोर्ड समोर ठेवा. एक जुना, इंटेल ९४५ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बोर्डावरच्या बाकी भागांशी जोडणाऱ्या चिप). पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी भंगारात असले बोर्ड शोधा. दुसरा त्यामानाने नवा, समजा एएमडी बी५५० चिपसेटचा.

टेबललॅम्प तिरपा धरा आणि रॅमच्या स्लॉटपासून निघणाऱ्या तांब्याच्या बारीक रेघा भिंगातून बघा. काही रेघा मुद्दाम नागमोडी असतात. सगळे सिग्नल बरोबरीने पोचावेत म्हणून त्यांची लांबी जुळवलेली असते. काही आतल्या थरात असल्यामुळे दिसत नाहीत, पण रोख कळतो. जुन्या बोर्डावर त्या हीटसिंकखालच्या नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे चिपसेटच्या मुख्य चिपमध्ये शिरतात. रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर तिथे. प्रोसेसरने रॅममधलं काहीही मागायचं ते फ्रंट साइड बसवरून (प्रोसेसर आणि नॉर्थब्रिजमधली वाट), नॉर्थब्रिजमार्फत. ८०० मेगाहर्ट्झच्या बसवर सेकंदाला ६.४ जीबीच्या वर काही जात नाही. यूएसबी, साटा (हार्ड डिस्कची जोडणी), ऑडिओ हे सगळं चिपसेटच्या दुसऱ्या चिपकडे, साउथब्रिजकडे.

नव्या बोर्डावर त्याच रेघा सरळ सॉकेटमध्ये जातात, कारण मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरमध्येच आहे. एएमडीने तो २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये घातला, इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये.

दुरुस्तीत याचा फार मोठा उपयोग होतो. नव्या बोर्डावर एका चॅनलचे (मेमरी कंट्रोलरपासून रॅमकडे जाणारी एक स्वतंत्र वाट) दोन्ही स्लॉट रॅम ओळखत नसतील, तर चिपसेटच्या मागे लागू नका. प्रोसेसर काढा. इंटेलच्या बोर्डावर सॉकेटमधली वाकलेली पिन शोधा. बी५५० च्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, तिथे बघा. चांगले बोर्ड यापायी उगाच भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक चार-स्लॉट बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, म्हणजे दोन्ही चॅनल वापरले जातात. डीडीआर४-३२०० चा एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी देतो, दोन मिळून ५१.२. नंतर सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये चॅनल तपासा.

आता कागदावर प्रोसेसरपासून चिपसेटपर्यंत एकच जाड रेघ ओढा. बी५५० मध्ये ती पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेनची (लेन म्हणजे डेटाची एक पट्टी), म्हणजे एका दिशेला सेकंदाला जेमतेम ४ जीबी. साटा, लॅन, बरेचसे यूएसबी आणि सहसा दुसरा एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीचा), सगळे त्या एकाच रेघेवर. ग्राफिक्स कार्ड आणि पहिला एम.२ मात्र थेट प्रोसेसरला. म्हणून वेगवान एसएसडी पहिल्या स्लॉटमध्येच बसवा आणि कोणता स्लॉट कुठे जोडलाय ते मॅन्युअलमध्ये बघून नकाशावर लिहून ठेवा.