या चुका टाळा: उत्तम चिनी उलाँग चहा घरी येऊन बेचव का होतो?

चीनला जाऊन आलेलं कुणीतरी चहाचा डबा हातात ठेवतं. आत सात-आठ ग्रॅमच्या चकचकीत पुड्या. आपण हौसेने आधण ठेवतो, पुडी टाकतो, खळखळून उकळतो, गाळतो आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं. एक तर कडूजहर, नाहीतर फुळकवणी. मग तो डबा कपाटाच्या वरच्या फळीवर जातो तो जातोच. असे डबे मी कितीतरी घरांत पाहिले आहेत आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण त्या पुडीमागे कुणाचं तरी रात्रभराचं जागरण असतं.

आपली चहाची रीत एका दमात सगळा अर्क काढून घ्यायची. दाणेदार सीटीसी पावडर, उकळी, दूध, साखर. त्या पावडरीसाठी ती रीत अगदी बरोबर आहे. चांगला उलाँग मात्र एका कपात पुरता भेटत नाही. त्याच पत्तीवर सहा-सात वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पाणी ओतायचं असतं आणि प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा लागतो. खाली ज्या चुका सांगते आहे, त्यांतल्या बहुतेक एकाच घाईतून होतात: सगळं पहिल्याच कपात मागायचं.

कळ्या दिसत नाहीत म्हणून पत्ती हलकी समजणे

‘दोन पानं आणि एक कळी’ हे चहाचं माप आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की सोनेरी टोकं दिसली नाहीत तर माल जाडाभरडा वाटतो. उलाँगला हे माप लावूच नका. फुच्येन प्रांताच्या वायव्येला वुयी डोंगरात एप्रिलच्या अखेरीपासून खुडणी सुरू होते. तिथे शेंड्याची कळी उमलून तिचं पान होईपर्यंत मुद्दाम थांबतात आणि मग तीन-चार पक्व पानांची डहाळी खुडतात. पुढे या पानाला बराच त्रास सोसायचा असतो, म्हणून ते जून लागतं.

पानं आधी उन्हात मऊ पडू देतात. मग बांबूच्या रुंद सुपांत पसरून सुपं हलवतात, म्हणजे पानांच्या कडा एकमेकींवर घासतात. थोडा वेळ पानं स्वस्थ ठेवायची, पुन्हा हलवायची, पुन्हा ठेवायची. हे रात्र उलटेपर्यंत चालतं. कोवळी कळी यात चुरगळून जाईल, पक्व पान टिकतं. घासलेल्या कडांतल्या पेशी फुटतात, त्यांतल्या रसाचा हवेशी संयोग होतो आणि कडा लालसर होतात. मधला भाग हिरवाच राहतो. फुलांचा, फळांचा जो सुगंध पुढे कपात येतो, तो बराचसा याच तासांत तयार होतो. बाहेरून अत्तर लावलेलं नसतं. हवेतला ओलावा रोज वेगळा, ऊन रोज वेगळं, त्यामुळे घड्याळ लावून हे काम होत नाही. कारागीर सुपात नाक घालून वास घेत राहतो. वास नेमका वळला, की तापलेल्या कढईत पानं टाकून ही क्रिया तिथेच थांबवायची.

उलाँग म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण त्याने फारसं काही कळत नाही. हिरव्या चहात ही क्रिया सुरूच होऊ देत नाहीत, काळ्यात ती पूर्ण होऊ देतात. उलाँगमध्ये ती कुठे अडवायची, हे एका माणसाला रात्री तीन वाजता ठरवावं लागतं. जास्तीची किंमत आपण त्या निर्णयाची मोजतो. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनमधल्या पारंपरिक चहानिर्मितीच्या कौशल्यांना अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात वुयीचं हे कसबही आहे.

नावाला भुलणे

दा होंग पाव, म्हणजे ‘मोठा लाल झगा’, हे वुयीतलं सर्वांत गाजलेलं नाव. जिउलोंगखे नावाच्या घळीत कड्याच्या कुशीत याची सहा जुनी झुडपं आहेत. २००६ पासून त्यांची खुडणी बंद आहे. २००५ च्या शेवटच्या खुडणीतला २० ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. तेव्हा ‘मूळ झुडपांचा दा होंग पाव’ असं सांगून कुणी पुडी विकत असेल, तर पुढचं बोलणं ऐकायचीही गरज नाही.

बाजारात या नावाने मिळणारा चहा बहुतेक वेळा मिश्रण असतो. वुयीतल्या रोउग्वेइ (अर्थ दालचिनी), श्वेइश्यान (अर्थ नर्गिस) अशा जातींचा मेळ घालून तो करतात. ही भेसळ नव्हे. चांगलं मिश्रण जमवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवते.

दुसरा सापळा जागेच्या नावाचा. वुयीचे उभे लाल कडे, त्यांच्यामधल्या अरुंद, सावलीच्या, ओलसर घळी आणि खडक झिजून झालेली खडेदार माती, यांमुळे तिथल्या चहाला घशात रेंगाळणारा एक भारदस्तपणा येतो. चिनी लोक त्याला ‘खडकाची लय’ म्हणतात. डोंगराच्या गाभ्यातला चहा ‘झेंगयान’ म्हणजे अस्सल खडकाचा, कडेच्या भागातला ‘बानयान’ म्हणजे अर्ध्या खडकाचा आणि नदीकाठच्या सपाटीवरचा ‘झोउछा’. गाभ्यातली न्यूलानखेंग, म्हणजे गोठ्याची घळ, तिथल्या रोउग्वेइसाठी इतकी प्रसिद्ध आहे की त्या नावाने विकला जाणारा सगळा चहा त्या चिंचोळ्या घळीत उगवणं शक्यच नाही. खोट्या ‘गोठ्याच्या घळी’पेक्षा खरा अर्ध्या खडकाचा चहा घ्या. पैसे वाचतील आणि कप चांगला होईल. विक्रेत्याला जात कोणती, खुडणी कोणत्या वर्षाची, पत्ती किती भाजलेली, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं नीट आली तरी आधी २५ ग्रॅमच घ्या.

आणि ‘वजन घटवणारा’ असं छापलेल्या टी-बॅगमधल्या भुकटीवरून उलाँगची पारख करू नका. ती पत्ती वेगळ्याच कामासाठी भरलेली असते.

सगळे उलाँग एकाच मापाने करणे

वुयीची पत्ती लांब, पिळदार, काळसर. दक्षिण फुच्येनमधल्या आनशी भागातला तिएग्वानयिन गोळीसारखा घट्ट वळलेला. दोन्ही चमच्याने मोजलेत तर फसलात: त्याच चमच्यात गोळ्या वजनाने कितीतरी जास्त मावतात. कडू आणि फुळकवणी, दोन्ही तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. दागिने तोलतात तसला छोटा काटा घ्या. एवढी एक वस्तू आणली की निम्मे प्रश्न मिटतात.

तिएग्वानयिन या नावापाशी क्षणभर थांबावंसं वाटतं. तिए म्हणजे लोखंड आणि ग्वानयिन म्हणजे करुणेची देवता, आपल्या अवलोकितेश्वराचं चिनी रूप. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ हाती घेतलेला पद्मपाणी आहे ना, तोच. हे कळल्यापासून ती पुडी उघडताना माझा हात आपोआप सावकाश चालतो.

तिसरं मोठं घराणं ग्वांगदोंग प्रांतात छाओझोउजवळच्या फंगह्वांग डोंगरातलं, दानत्सोंग. दानत्सोंग म्हणजे एकेकटं झुडूप. सुगंधावरून तिथे झुडपांना वेगवेगळी नावं दिली आहेत. मीलान श्यांग म्हणजे मध आणि ऑर्किडचा सुगंध. या शी श्यांगचा शब्दशः अर्थ बदकाच्या विष्ठेचा सुगंध, पण कप मात्र फुलांनी दरवळतो. नावामुळे तो नाकारू नका.

पातेलं, वेळ आणि शेवटचा थेंब

कडू झाला की लोक पाणी कोमट करतात. ही सवय हिरव्या चहावरून आलेली आहे. भाजलेल्या उलाँगला खळखळ उकळलेलंच पाणी हवं, नाहीतर पान उघडत नाही आणि सुगंध आतच राहतो. चहा कडवट झाला तर पहिली शंका पत्ती पाण्यात किती वेळ राहिली याची घ्या.

चिनी लोक गाइवान वापरतात: बशी, बिनकानाचा पेला आणि झाकण. साधारण ११० मिलिलिटरच्या गाइवानला वुयीची ७-८ ग्रॅम पत्ती लागते. एवढ्याशा पेल्यात इतकी पत्ती पाहून कुणीही दचकेल, पण चहा त्यात काही सेकंदच राहणार आहे. पेला गरम पाण्याने विसळून तापवा, पत्ती टाका, झाकण लावून हलकेच हलवा आणि वास घ्या. कोरड्या पत्तीचा वास या क्षणी सर्वांत मोकळा येतो. मग उकळतं पाणी ओता आणि पाच ते दहा सेकंदांत सगळं दुसऱ्या भांड्यात काढा. पहिले तीन-चार घाणे असेच. पुढे दर वेळी थोडा थोडा वेळ वाढवा. तिएग्वानयिनच्या गोळीला उघडायला वेळ लागतो, म्हणून तिला पहिल्याच खेपेला पंधरा-वीस सेकंद द्या. दानत्सोंग या बाबतीत फार हळवा आहे: पत्ती ५-६ ग्रॅम घ्या आणि हात लवकर चालवा, जरा विसरलात की तो तुरट होतो.

एक चूक मात्र जाणकारांच्या हातूनही होते. चहा ओतून घेतला, पण तळाशी दोन चमचे राहिले. ते पाणी पत्तीत मुरत राहतं आणि पुढचा घाणा त्यानेच कडू होतो. शेवटचा थेंब पडेपर्यंत पेला उलटा धरा.

बोटं भाजतात ही तक्रारही नेहमीची. पाणी काठाच्या थोडं खाली थांबवा, पेला बाहेर वळलेल्या काठाला धरा आणि झाकणाच्या बोंडावर एक बोट ठेवा. गाइवान नसेल तर झाकण असलेला छोटा चिनीमातीचा पेला आणि गाळणी पुरते. मोठ्या किटलीतच करायचा असेल तर २५० मिलिलिटरला ४-५ ग्रॅम आणि तीन मिनिटं. पिण्याजोगा होतो, पण त्याचे बदलते रंग हाती लागत नाहीत.

दूध नको, साखरही नको. आणि उपाशीपोटी नको. एवढ्या पत्तीचा चहा रिकाम्या पोटी मळमळतो.

‘जळका लागतो’ म्हणून टाकून देणे

वुयीचा चहा कोळशावर भाजतात. निखाऱ्यांवर राखेचा थर देऊन ज्वाळ दाबतात, वर बांबूची टोपली ठेवतात आणि मंद धगीवर तासन्‌तास पत्ती हलवत बसतात. मध्ये विश्रांती देऊन पुन्हा. नुकत्याच भाजलेल्या चहात आगीचा वास पुढे असतो आणि फुलं मागे दबलेली असतात. अशी पुडी दोन-तीन महिने तशीच ठेवा. धग उतरते आणि खालचा सुगंध वर येतो. घाईने निकाल दिलेला कितीतरी चांगला चहा केवळ यामुळे वाया गेलेला मी पाहिलाय.

खरोखर करपवलेला चहाही असतो, हलक्या मालाचे दोष झाकायला. तो ओळखायला पान पाहा. पाच-सहा घाण्यांनंतर पान पांढऱ्या वाडग्यात पाण्यात सोडा. नीट भाजलेलं पान मऊ पडून उलगडतं. करपलेलं काळं, ताठ, आक्रसलेलंच राहतं. हलक्या भाजणीच्या पानावर तर लाल कडा आणि हिरवा मध्य स्पष्ट दिसतो. सुपातली ती रात्र तिथे नजरेला पडते.

लावलेल्या कृत्रिम सुगंधाचीही ओळख सोपी आहे. पुडी उघडताच घमघमाट, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला सगळं गायब.

पाणी आणि डबा

बोअरच्या जड पाण्यात उत्तम उलाँगही मुका होतो, वर तवंग दिसतो. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या चिनी लू यूने डोंगरातलं पाणी उत्तम, नदीचं मध्यम आणि विहिरीचं कनिष्ठ असं सांगून ठेवलंय. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी उकळताना किटलीत जो पांढरा थर बसतो, तो पाहिला की ते पटतं. कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी आणून एकदा तुलना करा.

चहा शेजारचा वास ओढून घेतो. मसाल्याच्या डब्याजवळ, हिंगाजवळ, कापराजवळ ठेवलेली पुडी आठवड्यात हातची जाते. कोकणातल्या पावसाळ्यात तर उघडी पुडी दोन दिवसांत सादळते. वुयीचा भाजलेला चहा घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, बाहेरच ठेवा. हलका हिरवट तिएग्वानयिन मात्र सीलबंद पुडीत फ्रीजमध्येच टिकतो. तिथून काढल्यावर पुडी लगेच फोडू नका. ती खोलीइतकी उबदार होऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी थेट पत्तीवर धरतं.

फक्त सुगंधावर निकाल देणे

छिंग राजवटीच्या काळातले अधिकारी ल्यांग झांगज्यू यांनी वुयीतल्या एका ताओ साधूकडून ऐकलेल्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: सुगंध, निर्मळपणा, गोडवा आणि सर्वांत वर जिवंतपणा. सुगंध पहिल्याच पायरीवर आहे, याकडे लक्ष द्या. चहा ओतून झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला वास घ्या. कप रिकामा होऊन निवल्यावर पुन्हा घ्या. गिळल्यानंतर मिनिटभर काही खाऊ-पिऊ नका आणि घशातून गोडवा परत वर येतो का पाहा. चांगल्या चहात तो येतो आणि बराच वेळ जात नाही. पाचव्या पाण्याला रंग उतरलेला असूनही घोट पोकळ वाटत नसेल, तर पुडी तुम्हाला योग्य मिळाली आहे.

सातव्या-आठव्या पाण्यानंतर पत्ती थकलीशी वाटेल. चोथा म्हणून लगेच कुंडीत टाकू नका. काचेच्या बरणीत ती घालून वर गार पाणी ओता, झाकण लावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी गाळून घ्या. कडवटपणा जवळजवळ नसतो, फिकट सोनेरी रंग असतो आणि थंड घोटात आदल्या दिवशीचं ते फूल पुन्हा लागतं.