मकतबमध्ये सबक एकच पण मुलं वीस प्रकारची, मग शिकवायचं कसं?

कुर्ल्यात मी संध्याकाळी घरीच मकतब, म्हणजे मुलांचा कुराण-दीन शिकायचा वर्ग, घेते, वीसेक मुलं, एकच खोली. सबक पाठ झाला तर पोरगं हुशार नाहीतर ढ, हा हिशोब मीही बरीच वर्षं लावला.

आधी आठवडाभर नुसतं बघा. कोण वाचताना सूर लावतं, कोण वहीच्या कडेला अलिफ-बे रंगवत बसतं, कोण चप्पलांवरून झालेली भांडणं मिटवतं, ते एका वहीत लिहून ठेवा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडलं की बुद्धी एकच नसते, तेव्हा सात प्रकार सांगितले, निसर्ग ओळखणारी नंतर आली. मानसशास्त्रात यावर वाद आहेत, त्यामुळे ‘हा मॅथ्सवाला’ अशी लेबलं चिकटवू नका. तसं आपल्याला हे नवीन थोडंच आहे, पैगंबरांच्या साथीदारांतच बघा, अजान हजरत बिलालनी दिली, पैगंबरांवर उतरलेला अल्लाहचा संदेश (वह्य) हजरत झैद बिन साबितनी लिहिला, शायरी हजरत हस्साननी केली.

मग एकच धडा घ्या, नमाजच्या वेळा. रविवारी गच्चीवर (सेक्रेटरीला आधी विचारा हां) 30 सेंटीमीटरची काठी सरळ उभी करायची. दुपारी सावली सगळ्यात छोटी होते ती मोजा, समजा 10 आली. सावली 40 झाली (10 अधिक काठीएवढी 30) की शाफईंची असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, सुरू, 70 झाली (10 अधिक काठीच्या दुप्पट 60) की हनफींची. शाफई आणि हनफी या इस्लामी कायद्याच्या दोन परंपरा. आमच्याकडे कोकणी मुलं शाफई, बाकीची बहुतेक हनफी, म्हणजे तुझी अजान आधी का माझी नंतर का यावर जी जुंपते ती जुंपू द्या, कारण एरवी तोंड न उघडणारी मुलगी तेव्हा पट्टी घेऊन मध्ये येते. मेच्या मध्याला मात्र मुंबईत भरदुपारी सावली जवळपास गायबच होते, तेव्हा करून बघा, पोरं वेडी होतात.

जकात, म्हणजे बचतीतून द्यायचं सक्तीचं दान, याला फार वेळ नको, 40 चिठ्ठ्यांतली 1 बाजूला काढली की अडीच टक्के कळतात.

उच्चारांसाठी छोटा आरसा आणा. से, सीन, साद ही अरबी अक्षरं तिन्ही आपल्या तोंडातून ‘स’च निघतात. से म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागलेलं आरशात दिसायला हवं. ज्याला ऐकून जमत नाही त्याला बघून जमतं.

पाठांतर बंद करायचं नाहीये, ते रोज 15 मिनिटं आहेच. फक्त अम्मी लोक ‘किती सिपारे (कुराणाचे भाग) झाले आपा’ विचारतात ना, तेव्हा आकड्यासोबत त्या आठवड्याच्या वहीतली एक ओळ पण वाचून दाखवा.